चौकशीचा फोन

अकोल्यात अकोट फैलाकडं निघालं की टायरवाल्यांच्या रांगेत अय्युब उस्तादांचं लेथचं दुकान लागतं. दुकानावर पाटी आहे, पण ती वाचायच्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण पाटी दिसायच्या आधी उस्तादांचा आवाज ऐकू येतो. माणूस बेताच्या उंचीचा, दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि आवाज मात्र दोघातिघांनी वाटून घ्यावा असा. जिनिंगचा शाफ्ट असो की दालमिलची पुली, मोडकी वस्तू हातात आली की उस्ताद आधी ती आणणाऱ्याची दुरुस्ती करतात.

"हिले तेल कधी पाजलं होतं बे? तुया लग्नात?"

गिऱ्हाईक खाली मान घालून उभं राहतं. मग चहा येतो, मग वस्तू दुरुस्त होते, आणि जाताना तोच माणूस खुशीत असतो. अशा शिव्या खायला लोक पार तेल्हारा-अकोटाकडून येतात, म्हणजे काय ते समजा.

फोनवर तर विचारूच नका. पलीकडचा माणूस लांब आहे, तेव्हा मोठ्यानं बोलायलाच हवं, असा उस्तादांचा साधा हिशेब. ते फोनवर बोलत असले की समोरचा टायरवाला पंक्चर काढायचं थांबवून ऐकत बसतो. त्याला दुसरी करमणूक लागत नाही.

गजेंद्र खारोडे मूळचा तेल्हाऱ्याचा, वामनराव आणि सुभद्राबाईंचा धाकटा. आयटीआय झाल्यावर हात बसावा म्हणून दोन-चार महिन्यांसाठी उस्तादांकडे आला, आणि तिशीला टेकला तरी इथंच. पहिल्या वर्षी उस्तादांनी त्याला इतकं फैलावर घेतलं की दुसरा कोणी असता तर पिशवी उचलून घरी गेला असता. गजेंद्र सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी शांतपणे म्हणायचा, "हौ उस्ताद. आता सांगा, कुठी चुकलं?" ह्या 'आता सांगा'वर उस्ताद भाळले ते कायमचे.

दुपारचं जेवण उस्तादांच्या घरी, दुकानाच्या मागंच. हलीमाबी त्याला गज्जू म्हणतात. गुरुवारी गज्जूचा उपास असतो म्हणून त्यांनी एक कढई वेगळी ठेवली आहे, तिच्यात साबुदाणा आणि भगर सोडून काही शिजत नाही. एकदा तुबानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, घाईत त्याच कढईत अंडं फोडलं. त्यावरून हलीमाबींनी जो दंगा केला तो गल्लीला अजून आठवतो. गजेंद्र आपला सांगत होता, "चाची, घासली की झालं." पण चाची ऐकतील तर ना. त्याच दिवशी नवी कढई आली आणि तुबाला ती डोक्यावर धरून आणावी लागली.

उस्तादांचा मुलगा इमरान पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. लेथच्या आवाजानं त्याचं डोकं दुखतं, लहानपणापासून. तुबा एका दालमिलमध्ये हिशेब बघते, आणि संध्याकाळी दुकानाचेही कागद तीच सांभाळते. गजेंद्रचा पगारही दर महिन्याला तीच बँकेत टाकते. उस्तादांच्या तोंडी मात्र पगार हा शब्द कधी आला नाही. गजेंद्र कोण, असं कोणी विचारलं तर ते म्हणतात, "आपला गजेंद्र." कामगार नाही, कारागीर नाही, नोकर तर नाहीच नाही.

आता ह्या आपल्या गजेंद्रला ऑस्ट्रेलियाचं बोलावणं आलं.

झालं असं, की त्याचा आयटीआयचा दोस्त अमोल आधीच तिकडं गेलेला. तिथंही कापूस पिकतो, आणि तो वेचायला बाया नसतात, घराएवढाली यंत्रं असतात. यंत्र म्हटलं की मोडणं आलं, आणि मोडणं म्हटलं की लेथ आला. अमोलच्या कंपनीला लेथवरचा चांगला माणूस मिळेना. जाहिराती देऊन ते थकले. शेवटी त्यांनी सरकारला सांगितलं, आमच्याकडं माणूस नाही, आम्ही आमच्या जबाबदारीवर बाहेरून आणतो. अशा माणसाला कंपनीच्या नावावर काही वर्षांपुरता व्हिसा मिळतो. तिथं राहायचं, पण काम त्याच कंपनीचं करायचं. त्यासाठी मोठ्या अटी दोन होत्या. माणूस कसबी हवा, आणि त्यानं ह्याआधी कुठंतरी पगारावर रीतसर नोकरी केलेली हवी.

गजेंद्रनं व्हिडिओवर हातकाम दाखवलं, इंग्रजीची परीक्षा दोनदा देऊन काढली, आणि मग उस्तादांसमोर येऊन उभा राहिला.

"मले पाह्यचं हाय उस्ताद. आपल्या हातानं तिकडं काय होते, थे एकदा पाह्यचं हाय."

दोन दिवस उस्तादांनी एकाही गिऱ्हाइकाला शिवी दिली नाही, तेव्हा टायरवाला घाबरून विचारायला आला, तब्येत बरी आहे ना. तिसऱ्या दिवशी त्यांनी गजेंद्रला एक शाफ्ट पुन्हा करायला लावला, विनाकारण, आणि तो करत असताना पाठीमागून म्हणाले, "जाय मंग." तुबानं नोकरीचा दाखला तयार केला. उस्तादांनी तो न वाचता त्यावर सही केली. तुबा देईल त्या कागदावर सही करायची, हा त्यांचा जुना नियम आहे.

"अब्बा, व्हिसावाल्यांचा चौकशीचा फोन येईल हं," तुबानं सांगून ठेवलं. "नीट बोला."

"हौ. गोरा बोलंल ना? तुले देतो फोन. मले काय समजते गोऱ्याचं."

हा फोन गोरा माणूसच करणार आणि तो इंग्रजीतच बोलणार, हे उस्तादांनी मनात पक्कं करून टाकलं, आणि इथंच सगळं फसलं.

कारण त्याच सुमारास वामनराव तेल्हाऱ्याहून आले होते. दुकानात बसून त्यांनी चहा घेतला आणि हळूच विषय काढला. "अय्युबभाई, अमरावतीची सोयरीक आली. पोरगी चांगली हाय, प्रणाली नाव. तिचे वडील देवमनराव चौकशी करतीन. तुमच्याकडंही फोन येईन. जरा बरं बोलजा."

बरं बोलजा! हे काय सांगायला हवं? सोयरिकीच्या चौकशीत कसं बोलायचं असतं, हे आपल्याकडं कोणाला शिकवावं लागत नाही. दोन एकर शेती असली तर ती चार एकर होते. पोरगा पानटपरीवर उभा असला तर त्याचा धंद्यात जम बसलेला असतो. आणि पोरगा कोणाच्या हाताखाली असला, तर मुलीचा बाप पुढचं ऐकायच्या आत फोन ठेवतो. उस्तादांनी छातीवर हात ठेवला. "तुमी फिकर नका करू वामनराव. असं बोलतो का पोरगी आपल्या पायानं चालत येईन."

फोन आला तेव्हा गजेंद्र एमआयडीसीत माल द्यायला गेला होता आणि उस्ताद लेथवर होते. चालू लेथच्या आवाजात पलीकडच्या बाईंनी आपलं नाव काय सांगितलं, कुठून बोलते म्हणून सांगितलं, ह्यातलं उस्तादांना काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते पुढचं, गोड, स्वच्छ हिंदी.

"गजेंद्र खारोडे को आप जानते हैं?"

उस्तादांनी लेथ बंद केला. फडक्याला हात पुसले. मुलीची मावशी असणार, नाहीतर काकू.

"हौ, हौ! अच्छी तरह से! बोलो!"

"वो आपके यहाँ काम करते हैं?"

"काम?" उस्ताद दुखावल्यासारखे ओरडले. टायरवाल्यानं हातातलं टायर खाली ठेवलं. "काम तो नौकर करते. वो नौकर थोड़ी है. घर का लड़का है!"

"मतलब, रिश्तेदार हैं आपके?"

"रिश्तेदार से बढ़के. बेटाच समझो."

"आप उन्हें तनख्वाह कितनी देते हैं?"

बघा, मुलीकडचे कसे वळणावळणानं विचारतात! उस्ताद मनातल्या मनात हसले. "अपने लड़के को कोई तनखा देता क्या? सब उसीका है. दुकान उसीका है. मालिक है वो, मालिक!"

"अच्छा. तो दुकान के मालिक वो हैं."

"एकदम! लिख लो!"

त्यांना अजून बरंच सांगायचं होतं. पोरगा सुपारी खात नाही, आईवर जीव टाकतो, रागावत नाही. पण बाईंनी धन्यवाद म्हणून फोन ठेवलासुद्धा. त्या दिवशी उस्तादांनी सगळ्या रांगेला चहा पाजला. घरी जाऊन हलीमाबींना सगळं संभाषण दोन्हीकडच्या आवाजात करून दाखवलं. वामनरावांना फोन करून ओरडून सांगितलं, "झालं समजा काम!"

काम झालंच होतं. पुढच्या महिन्यात गजेंद्रच्या मोबाइलवर व्हिसाच्या कार्यालयाचा मेल आला. तुबानं दुकानात उभं राहून तो वाचला आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. तुम्ही पगारावर नोकरी केली असं लिहिलंत, पण तुमचे मालक म्हणतात की तुम्ही नोकर नव्हताच, त्यांच्या घरातले आहात, तुम्हाला पगार मिळत नव्हता, आणि दुकानही तुमचंच आहे. मग खरं काय? उत्तर द्या, नाहीतर अर्ज नामंजूर होईल.

उस्तादांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते स्टुलावर बसले. "थे... थे पोरीकडचे नव्हते?"

गजेंद्रनं त्या दुकानात इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "उस्ताद, काहून खोटं बोलले तुमी?"

"खोटं कोन बोललं बे!" उस्ताद उसळून उभे राहिले. चुकलं तर माणूस जरा जास्तच ओरडतो.

"मी मालक हावो म्हणे! दुकान मायं म्हणे! हे खोटं नाही तर काय हाय?"

"नाही." उस्ताद म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोणाही साध्या माणसाच्या आवाजाएवढा झाला. "खोटं नाही थे. इमरान तर येत नाही. मी त्याले इचारलं. थो म्हणाला, अब्बा, गजेंद्रले देऊन टाका. तुया लग्नात सांगनार होतो तुले."

तुबा मोबाइलकडं बघत राहिली. गजेंद्र तसाच उभा होता आणि त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मंग मी नाही जात."

हे ऐकून उस्तादांना आनंद झाला. उगाच कशाला लपवायचं? मोठा आनंद झाला. ते ताठ झाले, दुपारी दालमिलवाल्याला नेहमीपेक्षा दुप्पट शिव्या दिल्या, आणि येताना बायकोसाठी जिलेबी घेऊन आले. जेवायला बसल्यावर सगळी हकीकत सांगून म्हणाले, "अल्ला का शुकर है. घर का लड़का घर में रहेगा."

हलीमाबींनी जिलेबीची पुडी उघडलीच नाही.

"तुम्हारे उस्तादने बी यहीच बोले थे," त्या म्हणाल्या. "तुम कुवैत जानेवाले थे तब. कंपनीवाला पूछने आया, तो बोले, ये तो मेरे घर का लड़का है, घर का लड़का बाहर जाता क्या? कंपनीवाला दूसरे को ले गया. तुम कित्ते दिन मुंह फुलाके बैठे थे, मैं देखी हूं. नई नई शादी थी मेरी. मेरे से बात नहीं करते थे और लेथ से बात करते थे."

उस्तादांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतले. बायको खरं बोलली की ते नेहमी हात धुतात.

आपल्या उस्तादावर त्यांचं प्रेम होतं. त्या म्हाताऱ्यानं त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, धंदा दिला, लग्न लावून दिलं. आणि तरीही, विमान डोक्यावरून गेलं की अय्युब उस्ताद अजून वर बघतात, त्या वयात आपण तिकडं गेलो असतो तर काय झालं असतं, हा विचार येतोच. प्रेमाच्या माणसानं अडवलं की भांडताही येत नाही. गजेंद्रनंसुद्धा उद्या असंच वर बघायचं?

सकाळी त्यांनी दुकान उघडताच गजेंद्रला सांगितलं, "लिही त्याइले. म्हणावं, मालकाची गलती झाली, पुन्हा फोन करा." गजेंद्र काही बोलायला गेला तर, "चूप. लिही." तुबानं बँकेतले पगाराचे पुरावे जोडले, फोनवर गैरसमज झाला असं कळवलं, आणि तिकडून उत्तर आलं की मालकांना पुन्हा फोन करू.

मग सुरू झाली तालीम. तुबानं बापाला एक शब्द पढवला, कर्मचारी. उस्तादांच्या तोंडात तो आधी करमचारी झाला, मग कर्माचारी, मग एकदा कर्जबाजारी सुद्धा. हलीमाबी ऑफिसच्या बाई व्हायच्या आणि पोळपाटावरून विचारायच्या, "गजेंद्र तुम्हारा कौन?"

"कर्मचारी!"

"रिश्ता?"

"कुछ नहीं!"

"दुकान किसका?"

"मेरा! उसका कुछ हक नहीं!"

तालीम अशी रंगली की आता फोन वाजला रे वाजला की उस्तादांच्या तोंडून आपोआप कर्मचारी बाहेर पडायचं. आणि नेमका फोन वाजला.

"मी अमरावतीहून देवमन ठोकळ बोलून राहिलो. थो गजेंद्र खारोडे तुमच्याकडं..."

"कर्मचारी!" उस्ताद गरजले.

"ऑं?"

"कर्मचारी हाय! पगारी मानूस! मायाशी काही नातं नाही. दुकान मायं हाय, अकेल्याचं. त्याचा इथं काहीच हक नाही!"

एवढं सांगून झाल्यावर 'अमरावती' हा शब्द उस्तादांच्या कानातून डोक्यात पोचला, आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की दाढीपर्यंत ग्रीस लागलं.

देवमनराव एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म काढून निवृत्त झालेले. ते सावकाश म्हणाले, "भाई, चौकशीले आजवर जेवढे फोन केले, साऱ्याइचा पोरगा मालकच निघाला. पहिला नोकर तुमच्याकडं भेटला. खरं बोलनारं मानूस हाय तुमी. आमी रविवारी पाह्यले येतो." आणि ते खरंच आले, दुकानात तासभर बसले, गजेंद्रचे हात बघितले आणि पोरगी देतो म्हणाले. म्हणजे बरं बोलल्यानं व्हिसा अडला आणि वाईट बोलल्यानं लग्न जमलं. उस्तादांना हे गणित अजून सुटलेलं नाही.

शेवटी खरा फोन आला. ह्या वेळी लेथ बंद होता, गजेंद्र शेजारीच उभा होता, आणि बाईंनी आपण व्हिसाच्या कामासाठी बोलतोय हे सांगितलेलं अगदी स्पष्ट ऐकू आलं. उस्तादांनी टोपी नीट केली.

"गजेंद्र खारोडे आपके कौन हैं?"

"कर्मचारी." शब्द एकदम बरोबर आला. गजेंद्रनं सुटकेचा श्वास टाकला.

"कोई रिश्ता?"

"कुछ नहीं."

"दुकान किसकी है?"

"मेरी. तनखा हर महीने बैंक में जाती."

"लेकिन पिछली बार तो आपने कुछ और बताया था."

"पिछली बार मेरेको लगा, लड़कीवाले हैं."

"जी?"

"उसके रिश्ते की बात चल रही थी मॅडम. अमरावती की लड़की. मैं समझा तुम लड़की की मौसी है."

बाई हसल्या. मनापासून हसल्या, आणि बहुतेक शेजारी कोणाला तरी सांगितलंही, कारण तिकडून आणखी एक हसू ऐकू आलं. उस्तादही हसले. टायरवाला हसला. सगळं सुरळीत झालं असं वाटलं, आणि मग बाईंचा आवाज पुन्हा कामाचा झाला.

"मुझे साफ-साफ लिखना पड़ेगा, चाचा. आपने कहा था, वो बेटा है, घर का लड़का है, दुकान उसी की है. वो बात सच नहीं थी?"

हा प्रश्न तालमीत नव्हता.

गजेंद्रनं मान हलवली. दोन्ही हातांनी नको, नको अशी खूण केली. त्याला ते ऐकायचं नव्हतं, व्हिसा जाऊ दे पण हे ऐकायचं नव्हतं. उस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. ज्यानं खोटं बोलले म्हटलं म्हणून मागं ते उसळून उठले होते, तोच पोरगा समोर डोळे भरून उभा होता. त्यांना फोन फेकून द्यावासा वाटला. जगातल्या कुठल्या ऑफिसला हे विचारायचा काय अधिकार आहे, असंही वाटलं.

"झूठ था मॅडम," उस्ताद म्हणाले. ओरडले नाहीत. "सब झूठ बोला मैं."

"घर का लड़का वगैरह भी?"

"वो भी."

"ठीक है. शुक्रिया."

फोन बंद झाला. रस्त्यावरून एक ऑटो गेला, टायरवाला उगाच पाना शोधायला लागला.

"उस्ताद..." गजेंद्रच्या तोंडून एवढंच निघालं.

"चूप. मालकाशी असं बोलते का कोनी?" उस्तादांनी पाठ फिरवली. "नोकर हायेस तू माया. नोकराले कोठीही जाता येते. मालकाले नाही जाता येत. जाय आता."

आणि त्यांनी लेथ चालू केला. लेथवर काही लावलेलं नव्हतं. तो नुसताच फिरत राहिला आणि उस्ताद त्याच्याकडं मन लावून बघत राहिले.

व्हिसा आला. साखरपुडा झाला, लग्न गजेंद्र सुट्टीवर येईल तेव्हा करायचं ठरलं. निघायच्या दिवशी हलीमाबींनी त्याच्या बॅगेत इतकं काही कोंबलं की वामनरावांना बॅगेवर बसावं लागलं. सुभद्राबाई आणि हलीमाबी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. उस्ताद स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत टीसीशी भांडत होते, गाडी उशिरा का म्हणून. गाडी अगदी वेळेवर होती.

रात्री घरी आल्यावर त्यांनी तुबाला विचारलं, व्हिसावर नेमकं काय लिहिलं आहे. तुबानं वाचून दाखवलं. त्यातला एक शब्द त्यांनी तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला, मग स्वतः म्हणून बघितला. हा मात्र पहिल्याच फटक्यात बरोबर आला.

इमराननं पुण्याहून फोनवर सांगितलं, अब्बा, तिकडं गेलेले पुष्कळ जण पुढं कायमचे राहतात, तसा अर्ज करता येतो. उस्तादांनी फोन हलीमाबींच्या हातात दिला.

आता दुकानात उस्ताद एकटेच असतात. काम वेळेवर होत नाही, शिव्या मात्र वेळेवर मिळतात. कामाला पोरगा ठेवा म्हणून लोक सांगून थकले. परवा तेल्हाऱ्याचा एक जिनिंगवाला रोलर घेऊन आला. रिकाम्या दुकानात इकडंतिकडं बघत म्हणाला, "उस्ताद, गजेंद्र गेला म्हणते ना सोडून?"

"सोडून कोन म्हणते बे?" आवाज पार चौकापर्यंत गेला. "टेंपररी गेला. टेंपररी!"